संपर्क क्रमांक तीन

हे मी लिहिणारच नव्हतो. खरं सांगतो. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा सगळं पुसून टाकलं... कारण गोष्ट माझी नाही, माझ्या मैत्रिणीची आहे, आणि तिच्याही आधी तिच्या मावशीची. मैत्रिणीला घरी बिट्टी म्हणतात. ऑफिसात आमची टेबलं समोरासमोर. एकदा डबा खाताना, हवापाण्याचं बोलावं तसं ती हे बोलून गेली, आणि माझा घास हातातच राहिला! मग मी तिच्या मावशीला जाऊन भेटलो. दोन दुपारी समोर बसलो. तिनं सांगितलं ते ऐकलं, सांगता सांगता ती जिथे गप्प झाली तेही ऐकलं. आता नाही लिहिलं तर डोकं फुटेल माझं.

तर.

बिट्टी सातवीत होती तेव्हाची गोष्ट. दुपारचे तीन. शाळेच्या ऑफिसात मावशी गुलाबी फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसली होती. ती तिथे क्लार्क. सहावी ते आठवीची शाळा, साडेतीनशे पोरं, आणि ऑफिसात ही एकटी. बाहेर मैदानभर पिवळी-तांबडी पानं पडलेली. पानगळ आठवडा सुरू होता. एक वर्ग पानांचे ठसे काढतोय, एक टेकडीवर बिया गोळा करायला गेलाय, आणि लांब कॉरिडॉरच्या भिंतीवर एक भलंमोठं कागदी झाड... नुसत्या फांद्या. प्रत्येक मुलानं एकेक वाळलेलं पान आणायचं, त्यावर घरची एक बातमी लिहायची आणि फांदीवर चिकटवायचं. "आमच्याकडे बाळ आलं." "दादाला मिशी फुटली." "आजोबांनी कवळी हरवली, सापडली, परत हरवली." सातवी-ब मधल्या बिट्टीच्या पानावर होतं, "आमच्याकडे यंदा काहीच नवीन नाही."

गुलाबी फॉर्मही त्याच आठवड्यातले. घरी कोण कोण, कोणाचा फोन बदलला, तातडीला कोणाला कळवायचं. ते सगळं मावशी टाईप करायची, वर्गावर्गाची संपर्क यादी छापायची आणि ती पालकांना घरोघर जायची.

बिट्टीच्या घरचा फॉर्म तिनं गेल्या वर्षीसारखाच यंदाही मुद्दाम तळाशी ठेवला होता. डब्यातला गोड घास शेवटी ठेवावा तसा. संपर्क एक, आई. संपर्क दोन, वडील. संपर्क तीन, मावशी. त्या तिसऱ्या ओळीत ती होती! साडेतीनशे घरांच्या कागदांत एका घरच्या कागदावर तिची ओळ होती, आणि तेवढ्यावर तिचं अख्खं वर्ष निघायचं.

त्या दुपारी तिनं तो फॉर्म उचलला. ताईचं, म्हणजे बिट्टीच्या आईचं, अक्षर, टपोरं, सरळ. खाली 'काही बदल?' या चौकटीत लिहिलं होतं,

"वडिलांची बदली. सहामाहीनंतर विद्यार्थिनी शाळा सोडेल. यादीतून संपर्क तीन कमी करावा."

तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा एकदा. अक्षरं तीच राहिली...

आता इथे मला मध्येच थांबून सांगायलाच हवं. बिट्टी तिच्याच पोटची.

त्या दुपारच्या बारा वर्षांपूर्वी ती सात महिन्यांची गरोदर असताना तिचा नवरा कामावरून परत येताना गाडीखाली गेला. आणि ज्या आठवड्यात तिचं बाळंतपण झालं त्याच आठवड्यात ताई त्याच इस्पितळातून तिसऱ्यांदा रिकाम्या ओंजळीनं घरी गेली होती. ताई बोलायची बंद झाली. जेवायची बंद झाली. नुसती भिंतीकडे बघत बसायची. चौथ्या दिवशी ही ओली बाळंतीण उठली, ताईच्या घरी गेली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "ताई, ही तुझी. मी कधी मागणार नाही. कधी बोलणार नाही." आणि नाही बोलली! बिट्टी तिला मावशी म्हणायची, आणि ती 'ओ' द्यायची. टायपिंग एकटीनं बसून शिकली, ती या शाळेत नोकरी लागावी म्हणून. कारण बिट्टी मोठी झाली की याच शाळेत येणार होती. तीन वर्षं रोज, जाळीच्या खिडकीतून, तिला येताना बघायला मिळणार होतं. तीन वर्षं. त्यातलं अर्धंही झालं नव्हतं.

आणि आता स्वतःची ओळ स्वतःच्याच हातानं पुसायची!

रडली नाही ती. रडण्याच्या पलीकडे कुठेतरी गेली होती. तिनं सातवी-ब ची यादी उघडली आणि टाईप करायला लागली. तिची बोटं न बघता चालायची. एकोणतिसावी ओळ, बिट्टीची. कर्सर तिसऱ्या संपर्कावर येऊन लुकलुकत राहिला. किती वेळ, तिलाही माहीत नाही. शिपायानं चहा ठेवला, तो गार झाला. मग बोटं हलली, यादी छापून झाली, बत्तीस प्रती बत्तीस पाकिटांत गेल्या, पाकिटं दप्तरांत गेली. तिला वाटलं, पुसलं आपण. संपलं.

शनिवारी पालक आले. कॉरिडॉर माणसांनी फुललेला, भिंतीवरचं झाड पानांनी. बिट्टी हाताला डिंक माखून लहानांना पानं चिकटवायला मदत करत होती. मावशी दाराशी टेबल टाकून येणाऱ्यांच्या सह्या घेत होती. ताई आणि भाऊजी आले. ताईनं तिच्या नजरेला नजर दिली नाही. हिनंही पेन पुढे केलं, बस.

तेवढ्यात सातवी-ब मधल्याच एका मुलाची आई, आवाज असा की मैदानापलीकडून ऐकू यावा, यादी नाचवत ताईपाशी आली. "अहो, हे काय? तुमच्या बिट्टीला दोन-दोन आया? मजा आहे बाई पोरीची! आमच्याकडे एकीचंच कोणी ऐकत नाही!"

चार बायका हसल्या. यादी या हातातून त्या हातात गेली.

ताईनं ती घेतली. बघितली. आणि तिचा चेहरा... बिट्टी मला म्हणाली, "आईचा चेहरा असा झाला की मला वाटलं कोणीतरी वारलं."

संपर्क एक, आई. संपर्क दोन, वडील. संपर्क तीन, मावशीचं नाव, मावशीचा फोन. आणि नात्याच्या रकान्यात... आई.

ताई यादी घेऊन ऑफिसात शिरली. ही मागोमाग. दार नुसतं लोटलेलं.

"बारा वर्षं गप्प बसलीस," ताईचा आवाज फुटत होता, "आणि आता गावभर छापून वाटलंस? एवढा राग होता तर माझं तोंड फोडायचंस गं! हे काय केलंस?"

मावशीनं कागद हातात घेतला. ओळीवर बोट ठेवलं.

"ताई... हे मी टाईप केलं?"

"मग कोणी? भुतानं?"

"मला पुसायचं होतं गं. देवाशपथ, मी पुसायलाच बसले होते..." ती खुर्चीत कोसळली. "तू मला माझ्याच हातानं कमी करायला लावलंस, ताई. दुसऱ्या कोणाच्या नाही... माझ्याच."

बाहेर पोरांचा कालवा. ताईनं टेबलाची कड घट्ट धरली.

"मुद्दाम लिहिलं होतं मी," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

"तुला तोंडावर सांगायचा धीर नव्हता. म्हटलं, फॉर्मवर लिहावं, तू वाचशीलच. आणि वाचलंस की येशील तणतणत, भांडशील माझ्याशी, म्हणशील की नाही नेऊ देणार. तू भांडली असतीस ना, तर मी थांबले असते गं! चार दिवस दारात उभी होते मी. पण तू आलीच नाहीस. तू कधी भांडतच नाहीस! सगळं देऊन मोकळी होतेस, आणि मी बारा वर्षं चोरासारखी जगतेय. तिला ताप आला की वाटतं, आपलं नव्हतंच, परत नेईल कोणीतरी. तू एकदा तरी माग ना माझ्याकडे काहीतरी! एकदा तरी!"

आपण दिलं, दिलं, आणि त्या देण्याखाली ही बिचारी दबून गेली... हे मावशीच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. आपण त्याग केला असं ती समजत होती. आणि ताई मात्र रोज एका न मागणाऱ्या माणसाचं ओझं वाहत होती!

आणि मग दोघींनी एकदमच दाराकडे बघितलं.

बिट्टी उभी होती. हाताला डिंक, डिंकाला चिकटलेलं अर्धं पान. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं टेबलावरची यादी बघितली, मग मावशीकडे.

"मावशी, हे खरंय?"

मावशी उठली. पदरानं तोंड पुसलं. हसली सुद्धा! "नाही गं बिट्टे. टाईप करताना चूक झाली. आधीची ओळ बघून पुढची मारली मी. वय झालं आता माझं, डोळे जातात इकडेतिकडे."

एका वाक्यात तिनं पोर दुसऱ्यांदा देऊन टाकली.

बिट्टी तिच्या डोळ्यांकडे बघत होती. मान हलवणार, बाहेर जाणार, आणि सगळं होतं तसं मिटणार. ताईनं नुसतं गप्प राहायचं होतं. बस, एवढंच! पण ताईनं डोळे मिटले आणि म्हणाली,

"चूक नाहीये ती."

"ताई!"

"नाही, बोलू दे मला. या शाळेत हिच्या हातून एक तारीखसुद्धा कधी चुकलेली नाही." तिनं बिट्टीसमोर गुडघे टेकले. "हिनं तुला जन्म दिला. आणि मी मरायला टेकले होते, म्हणून तुला माझ्या मांडीवर ठेवलं. मी तुझी आई आहेच. पण हिनं बारा वर्षं लांबून बघून काढली आहेत, आणि ते खोटं ठरवून मला तुझी आई नाही राहायचं."

बिट्टी ना रडली, ना धावत गेली कोणाच्या गळ्यात. तिला काही ऐकूच येईना म्हणे. कानात नुसता कॉरिडॉरमधला कालवा. तिनं हाताचं पान सोलून काढलं, टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन भिंतीपाशी उभी राहिली. "काहीच नवीन नाही" या आपल्या पानासमोर.

अकरा दिवस ती दोघींशीही बोलली नाही. भाऊजी तिला शाळेत सोडायचे, आणायचे. मावशी रोज जाळीमागे बसायची, पण मान वर करायची तिची छाती होत नव्हती. तिनं राजीनामा लिहून ठेवला होता. ड्रॉवरमध्ये, वरच.

बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत खिडकीवर टकटक झाली.

"मावशी, गुलाबी फॉर्म आहे का एखादा?"

तिनं गठ्ठ्यातला एक कोरा काढून दिला. बिट्टीनं तिथेच, खिडकीच्या कठड्यावर टेकून लिहिला. जीभ बाहेर काढून, सावकाश. जाळीखालून आत सरकवला आणि पळाली. 'काही बदल?' मध्ये लिहिलं होतं, "शाळा सोडायची आहे, पण आठवीनंतर. बाबा पुढे जातील, आई आणि मी थांबू. आईला विचारलंय. संपर्क तीन आहे तसाच राहू द्यावा."

आणि नात्याच्या रकान्यात तिच्या गोल गोल अक्षरात... मावशी.

राजीनामा फाडलेला बिट्टीनं बघितला नाही, ते मला मावशीनं सांगितलं. ताई त्या संध्याकाळी ऑफिसात आली, दोघी बंद कॉम्प्युटरसमोर बसून गार झालेला चहा प्यायल्या, आणि मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "ताई, रविवारी मला दे तिला. दर रविवारी." ताई हसत हसत रडली म्हणे. "फक्त रविवार? अजून माग की!"

मी हे लिहून बिट्टीला वाचायला दिलं, तेव्हा शेवट वेगळा होता. माझ्या शेवटात ती कॉरिडॉरमधून धावत येते आणि "आई!" म्हणून मावशीला मिठी मारते. मला वाटलं, वाचणाऱ्यालाही तेच हवं असणार.

बिट्टीनं कागद खाली ठेवला. "असं झालं नाही."

"माहितीये. पण..."

"मी तिला कधीच आई म्हटलं नाही. आजही नाही म्हणत. आई म्हटलं तर ती दोघींतली एक होईल रे. मावशी मला एकच आहे." मग टेबलावरून वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, "तो रकाना एकदा तिनं भरला, एकदा मी. तू नको भरूस."

मी तिच्यासमोरच तो परिच्छेद खोडला आणि तिला शब्द दिला. ही गोष्ट मी कितीदाही सांगितली, कोणालाही सांगितली, तरी मावशी मावशीच राहील.