हिरव्या मखमलीचा सोफा

“कारागिराने ह्यांना मारलं, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही,” मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या आणि मग खुर्चीवर बसल्या.

भाऊजींनी लगबगीने पाणी पुढे केलं. वहिनींचं खाजगी तपासाचं काम आपल्यावाचून अडेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. वहिनी त्यांच्या थोरल्या भावाची बायको, पण आल्यागेल्या प्रत्येकाच्या त्या वहिनीच झाल्या होत्या.

मालकीणबाईंच्या नवऱ्याचं पडद्यांच्या आणि सोफ्यांच्या कापडाचं मोठं दुकान होतं. गेल्या आठवड्यात भर दुपारी वरच्या दालनात ते मेलेले सापडले. डोक्यावर घाव होता आणि शेजारी पडद्याचा पितळी दांडा पडला होता. दांड्यावर ठसे होते ते सोफे बांधणाऱ्या कारागिराचे. आदल्या दिवशी शिवणीवरून दोघांची चांगलीच जुंपली होती.

“मागच्या जिन्याची किल्ली कुणाकुणाकडे असते?” वहिनींनी विचारलं.

“घरात एक असते. कारागिराकडे एक आणि आमच्या सजावटकार बाईंकडे एक.”

“घरात म्हणजे?”

“मी, हे आणि माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा एवढासा होता, मीच वाढवला त्याला.” बाईंनी डोळे टिपले. “कारागिराने माझ्या घरातली प्रत्येक खुर्ची बांधली आहे हो. तो निर्दोष असेल तर सुटला पाहिजे. बाकी काय निघेल ते निघू दे.”

“नक्की?” वहिनींनी विचारलं. बाईंनी मान हलवली.

पोलिसांनी दालन तसंच ठेवलं होतं. मधोमध हिरव्या मखमलीचा नवाकोरा सोफा, समोर त्याच्या जोडीची खुर्ची. भाऊजींनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं.

“वहिनी, जोडी फसली. सोफ्याची पाठ खुर्चीपेक्षा गडद आहे. वेगळ्या ठाणातलं, दुसऱ्या ताग्याचं कापड असणार.”

“तुमची नजर तयार होतेय, भाऊजी.”

भाऊजी खुलले. त्या भरात त्यांनी टेबलावरच्या रक्षापात्रातून ज्वारीच्या दाण्याएवढा काळा, कडक मणी उचलून दाखवला. “हे करपलेलं बटण.”

“बटणाला भोकं असतात,” वहिनी म्हणाल्या आणि मणी कागदात गुंडाळला. भाऊजी हिरमुसले.

सजावटकार बाई स्पष्टवक्त्या निघाल्या. “मालकांचं नि माझं पटत नव्हतं, लपवत नाही. पण त्या दुपारी मी गिऱ्हाइकाच्या घरी माप घेत होते. खिडक्याच खिडक्या होत्या, घरातली सगळी माणसं साक्षीला आहेत.”

“सोफा आणि खुर्ची वेगळ्या ठाणातली का?”

“छे! एकाच ठाणातली. त्या दिवशी सकाळी कारागिराने माझ्यासमोर दोन्हींवर ब्रश फिरवला. पाठीवर वरून खाली, ही आमची पद्धत. मखमलीची लव वर फिरली की तोच रंग गडद दिसतो, आणि जोडी परकी वाटते.”

भाऊजींना काहीतरी उमगल्यासारखं झालं, पण हाती लागेना.

“आणखी काही वेगळं घडलं?”

“शुद्ध लोकरीचे पडदे गिऱ्हाइकाकडे जायचे होते. मालकांनी आयत्या वेळी थांबवले. कारण विचारलं तर तोंडाला कुलूप.”

“लोकर कोण देतं?”

“मालकीणबाईंचा भाऊ. बापू.”

कारागीर कोठडीत गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. “भांडलो, हे खरं. मालक बोलायचे, मी बोलायचो, आणि चहा एकत्र प्यायचो. ब्रश मारून मी जेवायला गेलो. परत येतो तर मालक खाली पडलेले. त्यांना हलवून पाहिलं, खाली धावलो. सोफा गडद दिसला का विचारता, पण तेव्हा सोफ्याकडे कुणाचं लक्ष असणार, वहिनी?”

“दांड्यावर तुमचे ठसे आहेत.”

“मीच तो पुसून ठेवला होता, भिंतीवर बसवायला.” तो रडू लागला. “बायको रोज विचारते, घरी कधी येणार. काय सांगू तिला?”

भाऊजींना त्याच्याकडे पाहवेना.

बापूंचा कारखाना लोकरीच्या ब्लँकेटांचा होता. पडद्यांचं कापडही तिथेच विणलं जाई. फळीवर एक ब्लँकेट ताणून बापू स्वतः तारांचा ब्रश मारत होते, खालच्या काठापासून वरपर्यंत, पुन्हा खालून वर.

“माफ करा, हात थांबवला की डाग राहतो,” ते म्हणाले. “लव उठली पाहिजे. उठली की ऊब धरते. पोरवयापासून हेच करतोय.”

“त्या दुपारी तुम्ही दुकानात गेला होता?”

“नाही हो. नवा सोफा बनल्यापासून मी वर पाऊल टाकलेलं नाही. दाजींनी बघायला बोलावलंच नाही. आता कसला सोफा नि कसलं काय!” त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. भाऊजींना त्यांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सर्वांना दालनात बोलावलं. फौजदार दाराशी उभे राहिले.

“आधी एक छोटं काम आहे,” वहिनी म्हणाल्या. “खुर्चीच्या पाठीवर धूळ बसली आहे. जरा ब्रश फिरवाल?”

सजावटकार बाईंनी वरून खाली ब्रश फिरवला. रंग बदलला नाही. वहिनींनी ब्रश बापूंच्या हाती दिला. ते बहिणीकडे पाहत होते. हात सवयीने खालच्या कडेपासून वर गेला. पुन्हा खालून वर.

खुर्चीची पाठ गडद झाली. आता ती सोफ्याची अगदी सख्खी जोडीदार दिसत होती.

भाऊजींच्या तोंडून नकळत “अरेच्चा!” निघालं.

“ठाण एकच होतं, भाऊजी. हात दुसरा होता,” वहिनी म्हणाल्या. “मखमलीवर माणूस टेकला की खूण उमटते. त्या दुपारी मागच्या जिन्याने येऊन इथे मालकांच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं. मालक कोसळल्यावर त्या माणसाने खुणा पुसायला सोफ्यावर ब्रश फिरवला. कारागिराने तो वरून खाली फिरवला असता, या बाईंनीही. लव उठवायचा हात ब्लँकेटवाल्याचा.”

“हा काय पुरावा झाला?” बापू कसेबसे म्हणाले.

मालकांनी थांबवलेल्या पडद्याचा एक धागा वहिनींनी चिमट्यात धरला आणि त्याला काडी लावली. “लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राखेचा चिमटीत भुगा होतो.” धागा आक्रसला, वितळला आणि टोकाशी काळा, कडक मणी झाला. त्यांनी कागद उलगडून दुसरा मणी शेजारी ठेवला. “मालकांनी अशीच परीक्षा घेतली होती. शुद्ध लोकर म्हणून त्यांना बनावट धागा मिळत होता. त्यांनी परक्याला नव्हे, घरच्या माणसाला शेजारी बसवून जाब विचारला. चार लोकांत तुमची अब्रू जाऊ नये म्हणून, बापू. परीक्षेसाठी काढलेलं नमुन्याचं फडकं हाताशी होतं. ते गुंडाळून दांडा उचलला की नवे ठसे उमटत नाहीत.”

मालकीणबाई उठून भावासमोर उभ्या राहिल्या.

“बापू, माझ्याकडे बघ. तू आला होतास?”

बापूंनी मान वर केली आणि त्यांचा बांध फुटला. “दाजी म्हणाले, ताईला सांगतो. मला तेवढंच सहन होईना, ताई. तुझ्या नजरेतून उतरलो असतो. मारायचं नव्हतं गं मला!”

“मी रागावले असते. बोलले नसते महिनाभर. आणि मग जेवायला वाढलं असतं.” बाईंचा आवाज फाटला. “एवढंच झालं असतं रे.”

“ताई, मला वाचव.”

त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. “वकील देईन. भेटायला येईन. पण तुझ्या जागी दुसऱ्याला बसू देणार नाही.” मग फौजदारांकडे वळून त्या म्हणाल्या, “घेऊन जा.”

जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत त्या उभ्याच होत्या. भाऊजींनी खुर्ची पुढे सरकवली, पण त्या बसल्या नाहीत.

“तुम्हाला घरी सोडू?” वहिनींनी हळूच विचारलं.

मालकीणबाईंनी पदराने तोंड पुसलं. “आधी कारागिराच्या घरी चला,” त्या म्हणाल्या. “त्याच्या बायकोला हे मीच सांगायला हवं.”