शेवटच्या माणसाचा हात

गोपिका त्या जंगलात आली तीच मुळी चुकून. धंतोलीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर रक्त काढायला लोकांच्या हातात सुया टोचून कंटाळलेली पोरगी. एका रविवारी सकाळी टेकडीवरच्या वनउद्यानात मोकळी हवा खायला शिरली आणि फोनवर मावशीशी मोठमोठ्याने बोलत निघाली. तेवढ्यात झाडाआडून एक उंच पोरगा पुढे आला, ओठांवर बोट ठेवून...

"हळू बोल वं. पिंगळे झोपून राहिले."

तिने वर पाहिलं. मोहाच्या ढोलीतून दोन गोल पिवळे डोळे तिच्याकडे रागाने बघत होते. तिला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि मावशी बिचारी "हॅलो, हॅलो" करत राहिली.

तो जितेंद्र. नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत, जीव मात्र या जंगलात. दर रविवारी दहा-बारा जणांना पायवाटांनी फिरवायचा. गोपिका पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही आली, मग येतच राहिली. त्याने तिला रांगेच्या शेवटी चालायचं काम दिलं. आधी ते निवृत्त वनरक्षक नत्थूजींकडे होतं. वाट अरुंद, झाडी दाट. म्हणून प्रत्येक वळणावर जितेंद्र मागे वळून बघायचा आणि शेवटच्या माणसाने हात वर करायचा. म्हणजे सगळे आले, कोणी हरवलं नाही.

एकदा त्याने तिला एकटीलाच हळूच सांगितलं होतं, की आत घाणेरीच्या जाळीत मोठमोठे दगड गोल मांडलेले आहेत, फार जुने. दोघांचं गुपित! गोपिका ते आठवडाभर मनात घोळवत होती.

आणि मग वैभवी आली. पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, गळ्यात कॅमेरा. "जुन्या काळचे लोक आपली माणसं पुरून वर असा गोल मांडायचे, सर," असं काहीबाही सांगत ती थेट रांगेच्या पुढे, जितेंद्रच्या शेजारी जाऊन बसली. म्हणजे चालू लागली; पण गोपिकेला ती बसल्यासारखीच वाटली.

गुपित फुटलं होतं; आज सगळे तो गोल बघायला निघाले होते. पळस पेटला होता, गोपिकाही.

"काय वं, आज तोंड काहून फुगवलं?" जितेंद्रने विचारलं.

"माझं तोंडच तसं आहे."

"मांगं राहशील न?"

"अन् कुठं राहू गा? पुढं जागा आहे काय?"

तो काहीतरी बोलणार होता... तेवढ्यात "सर!" अशी हाक आली आणि तो गेला. गोपिका धुमसत मागे चालत राहिली. जितेंद्र त्या बयेसाठी फांदी वर धरत होता. दगडांचं एवढं कौतुक! मुतखडे तर आमच्या लॅबमध्येही येतात, तिला वाटलं, त्यांना कोणी सर सर म्हणून बघायला जात नाही. बस, हा शेवटचा रविवार. यानंतर या जंगलाचं तोंड बघायचं नाही. हे ठरवताना मात्र तिचे डोळे भरून आले.

पुढच्या वळणावर तिने हात वर केलाच नाही. पळसाच्या बुंध्याला टेकून, मान खाली घालून उभी राहिली.

वाळक्या पानांतून कोणी धावत आलं. जितेंद्र. टोपी कुठेतरी पडलेली, हातावर काट्याचा लांब ओरखडा.

"पाय मुरगळला? काही चावलं काय?"

"काही नाही झालं."

"मग हात काहून नाही केला? मले वाटलं..." तो खरंच घाबरला होता.

गोपिकेला लाज वाटली, पण राग काही जाईना. "तुले पुढं ते आहे न दगडंवाली. मांगं कोण मेलं, कोण जगलं, तुले काय? काहून ठेवतं मले मांगं?"

जितेंद्र मान खाजवत म्हणाला, "नत्थूजी दर रविवारी म्हणतात, मले माझं काम वापस दे. मीच देत नाही."

"काहून?"

"मग वळणावळणावर वळून पाहू कोणाले? नत्थूजीले?"

गोपिकेने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आवडतं वं तू मले," तो अगदी हळू म्हणाला, पिंगळे झोपले असावेत तसा.

झाडीपलीकडून वैभवीचा आवाज आला, "सापडली का हो ती? आता तरी समोर बघून चला, सर! सकाळपासून तीनदा ठेचकाळलात. मी बोलते ते ऐकतं कोण?"

गोपिकेला एकदम हसू आलं, डोळ्यांतलं पाणी पुसायच्या आधीच.

"चाल, आता पुढं चाल माझ्यासंगं," जितेंद्र म्हणाला.

"नाही. मी मांगंच राहतो." तिने ओढणीने त्याच्या हातावरचं रक्त टिपलं. "तू वळून पाहत जा."

रांग पुन्हा निघाली. वळण आलं. जितेंद्र वळला. गोपिकेने हात वर केला आणि खाली घ्यायचा विसरली. तोही पुढे चालायचं विसरला.

"चला न भाऊ," मधून नत्थूजी ओरडले, "ते दगडं कवाचे वाट पाहून राहिले!"