अडतिसावी कळ

ही घटना माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडली. प्रणाली तिचं नाव. फिजिक्समध्ये एम.एस्सी. "भूत" हा शब्द ती आजही वापरत नाही. ती फक्त आकडे सांगते, आणि आकड्यात ती चुकत नाही. म्हणूनच मला झोप लागत नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. मस्कतमधलं रुवी. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

सुरैया मॅडमच्या वडिलांनी आयुष्यभर जुनी यंत्रं जमवली. ते वारल्यावर मॅडमनी त्यांचं खासगी संग्रहालय करायचं ठरवलं आणि नोंदी करायला प्रणालीला ठेवलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत महायुद्धातलं एक सांकेतिक यंत्र होतं. दिसायला टाइपरायटरसारखं. वर तीन चाकं, प्रत्येकावर एक ते सव्वीस आकडे. एक कळ दाबली की उजवं चाक एक घर पुढे जातं. त्याचा एक फेरा झाला की मधलं एक घर सरकतं. बॅटरी केव्हाच काढलेली होती, पण चाकांना बॅटरी लागत नाही. बोटाचा दाब पुरतो.

पहिल्या दिवशी प्रणालीने तिन्ही चाकं एकवर लावली. दुपारी एक ते चार इमारत बंद असते. ती दार्सैतला घरी जाऊन जेवून आली.

चाकं एक, दोन, बारावर होती.

म्हणजे कुणीतरी सदतीस वेळा कळ दाबली होती...

तिने चाकं पुन्हा एकवर आणली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिने यंत्राच्या पेटीचं झाकण बंद केलं आणि आपली सही केलेली कागदी पट्टी त्यावर चिकटवली.

चार वाजता पट्टी जशीच्या तशी होती.

आत... एक, दोन, बारा.

पट्टी उचकटून पुन्हा चिकटवता येते, असं तिने वहीत लिहिलं. खाली लिहिलं, किल्ली फक्त तय्यबकडे.

तय्यब तिथला पहारेकरी. पेशावरकडचा, साठीला आलेला, एकोणीस वर्षं त्याच इमारतीत. दुपारच्या सुट्टीत कुठे असतोस, असं तिने सहज विचारलं. तो म्हणाला, रस्त्यापलीकडे, खुर्ची टाकून. चव्वेचाळीस डिग्रीत? आत सावली असताना? तिला ते साफ खोटं वाटलं.

रोज तेच होत राहिलं. नवव्या दिवशी तिने वही मॅडमना दाखवली.

मॅडमनी वडिलांच्या वस्तूंना कुणी हात लावलेला कधीच खपवून घेतला नव्हता. गुरुवारी तय्यबचा शेवटचा दिवस, नंतर परतीचं तिकीट, असं त्यांनी दोन वाक्यांत ठरवून टाकलं. तय्यबने वाद घातला नाही. जिन्यात प्रणाली दिसली तेव्हा एवढंच म्हणाला, "बेटी, चाबी मेरे पास है, तो चोर भी मैं?"

त्या संध्याकाळी ती यंत्राची माहिती लिहायला बसली. युद्धातली सांकेतिक भाषा कशी फुटली, याची एक हकीकत सांगतात. वाळवंटातल्या एका एकाकी चौकीवरून रोज एकच निरोप जायचा... सांगण्यासारखं काही नाही. रोज तेच शब्द, तीच लांबी. ऐकणाऱ्या शत्रूला तेवढाच धागा पुरला.

प्रणालीने पेन खाली ठेवलं. वही उघडली.

नऊ दिवस. नऊ वेळा सदतीस.

चाळा म्हणून कळा दाबणारा म्हातारा रोज मोजून सदतीस दाबेल?

आपण एका माणसाची भाकरी घालवली की काय, या विचाराने ती रात्रभर तळमळली.

बुधवारी एक वाजता तिने तय्यबकडून किल्ली मागून घेतली. खोलीत शिरून आतून कडी लावली. चाकं एकवर आणली आणि समोर बसली. सुट्टीत एसी बंद. घाम मानेवरून ओघळत होता.

खिडकीतून रस्ता दिसत होता. पलीकडे, मेडिकलच्या छपराखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत तय्यब बसला होता.

तो खरं बोलत होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी...

खट्.

कळ हललेली तिला दिसली नाही. उजवं चाक मात्र दोनवर गेलं.

खट्. खट्.

तिने पुन्हा खिडकीतून पाहिलं. तय्यब तिथेच होता. दोन्ही हात मांडीवर.

उठावंसं वाटत होतं. पण ती मोजत राहिली. मोजणं थांबवलं असतं, तर किंचाळले असते, असं ती म्हणते.

पस्तीस... छत्तीस... सदतीस.

थांबलं.

तिने श्वास सोडला.

आणि मग...

खट्.

अडतीस.

सावकाश. जणू कुणी तिच्याकडे नीट बघून पुढचं लिहीत होतं.

एकोणचाळीस. चाळीस...

चौसष्टला आवाज बंद झाला. चाकं एक, तीन, तेरावर.

आज चौकीवर सांगण्यासारखं काहीतरी होतं.

चार वाजता तिने मॅडमना लिहून दिलं, चाकाची स्प्रिंग सैल आहे, चूक माझी, तय्यबचा काही दोष नाही. तिच्या आयुष्यातली ही पहिली खोटी नोंद. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मग तिकीट रद्द झालं.

किल्ली परत देताना तिने माफी मागितली. तय्यबने किल्ली खिशात टाकली.

"उन्नीस साल से धूप में बैठता हूँ, बेटी. किसी ने पूछा, क्यों?"

तिने तेव्हाही विचारलं नाही.

तिने चाकं एकवर लावून ठेवली, पण दुसऱ्या दिवसापासून ती हललीच नाहीत. अकरा दिवस एक, एक, एक. स्प्रिंग बसली वाटतं, असं मॅडम हसून म्हणाल्या.

बाराव्या दिवशी चार वाजता...

एक, एक, सहा.

पाच कळा. फक्त पाच.

प्रणालीने हे मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मग तिथे जे कुणी आहे, त्याने पुन्हा काहीतरी पाठवलं असेल. ती म्हणाली, पाठवतानाच कळा दाबतात असं नाही. आलेलं उत्तर वाचायलाही दाबाव्या लागतात.

पाच अक्षरांत काय काय बसतं, याची यादी तिने केलेली नाही. घरातल्या मसाल्यांचीसुद्धा यादी करणारी माझी बहीण.

नोकरी तिने सोडली नाही. का, ते सांगत नाही. पण आता जेवायला ती दार्सैतला जात नाही. डबा नेते.

दुपारी एक ते चार, मेडिकलच्या छपराखाली, आता दोन खुर्च्या असतात.