कुणाचीच कुणी नसलेली तज्ज्ञ

हॉस्पिटलच्या एसीतून ऑगस्टच्या दमट हवेत पाऊल टाकलं, की बहारीनमध्ये काचांवर वाफ धरून चष्मेवाला माणूस थोडा वेळ आंधळाच होतो. तशा अवस्थेत प्रबुद्ध दारातल्या करक चहाच्या खिडकीशी उभा राहून नावेद चहावाल्याला आपलं दुःख सांगत होता, "भाई, एक अनजान आदमी चाहिए. यहाँ तो सब एक-दूसरे को पहचानते हैं."

मागून मराठीत आवाज आला, "मी चालेन का? मी तुम्हाला अजिबात ओळखत नाही."

प्रबुद्ध वळला. दिसलं काहीच नाही, तरी तो हसला. हे हसणं जोॲननं नोंदवून घेतलं आणि टिश्यू पुढे केला.

जोॲन वसईची. या हॉस्पिटलात जखमांच्या वॉर्डात सात वर्षं नर्स. प्रबुद्ध मनामातल्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात कामाला. रिफातल्या एका नर्सिंग होममध्ये महमुदा नावाच्या आजींची कूस वेळेवर कुणी बदलली नाही. पाठीची जखम हाडापर्यंत गेली. त्यांच्या मुलानं दावा लावला होता. नर्सिंग होम म्हणत होतं, वयच झालंय. चूक कुणाची, हे सांगायला तज्ज्ञ साक्षीदार हवा होता. तो मिळाला नाही, तर वकीलबाईंच्या मते दावा खलास.

"एक हाडांचे डॉक्टर तयार होते," प्रबुद्ध म्हणाला. "पण चूक नर्सिंगची आहे. मग तज्ज्ञ त्याच कामातला पाहिजे, आजही ते काम करणारा. आणि दोन्ही बाजूंशी नातं नको, मैत्री नको, भांडण नको."

"भांडणसुद्धा नको?"

"भांडायलाही आधी ओळख लागते, सिस्टर."

जोॲननं कागद घेतले. जखमेचे फोटो बघून तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. आजींसाठी बोलायचं, हे तिनं तिथंच ठरवलं.

मग दर आठवड्याला प्रबुद्ध येऊ लागला. पण चहा घेईना.

"चहानं काय होतं?"

"समोरचे वकील उद्या विचारतील, चहा कुणी पाजला."

शेवटी दोघं आपापला चहा आपापल्या पैशानं घेऊन, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून उभे राहू लागले.

"गाव कुठलं तुमचं?"

"सांगितलं तर ओळख होईल."

ज्या माणसाला काही विचारायचं नाही, त्याच्याविषयीच नेमके प्रश्न पडतात. हा घाबरला की 'का' ऐवजी 'काहून' म्हणतो, म्हणजे अमरावतीकडचा. साखर जास्त घेतो. सांत्वन करायची वेळ आली की चष्मा पुसतो… याचं लग्न झालंय का, हे मात्र जखमेच्या फोटोंवरून कळायला मार्ग नव्हता.

आणि एका गुरुवारी तो चहा न घेताच म्हणाला, "सिस्टर, तुमची साक्ष नको. दुसरा तज्ज्ञ मिळालाय."

जोॲनचा कप ओठाशीच राहिला. "माझं काय चुकलं?"

"काहीच नाही. अर्सलान म्हणून आहेत, जखमांचेच नर्स. नुकतेच आलेत. बेटावर कुणाला ओळखत नाहीत, आणि स्वभाव बघता पुढेही कुणी ओळख करून घेणार नाही. तुमचं मत त्यांना दाखवलं नाही. तरी ते तेच म्हणाले."

"म्हणजे आजींचं नुकसान नाही?"

"नाही. तसा माणूस मिळेपर्यंत मी गप्प होतो. मुहर्रकपासून मीना सलमानपर्यंत एक दवाखाना सोडला नाही."

"पण मी असताना हे सगळं केलं काहून?" तिनं त्याचाच शब्द त्याला परत दिला.

प्रबुद्धनं चष्मा काढला. पुसला. तो पुन्हा धुरकट झाला.

"तुम्ही एका अटीत बसत नव्हतात. तज्ज्ञ आमच्या ऑफिसातल्या कुणाचं कुणी असायला नको."

"मी तुमची कुणी नाही."

"हो… आत्तापर्यंत नव्हतात. पण माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी दुसरा तज्ज्ञ, मग काय ते बोल."

नावेदनं गिऱ्हाईक नसतानाही कप विसळायला घेतले. जोॲननं त्याच्या हातातून चष्मा घेतला आणि आपल्या ओढणीनं पुसू लागली.

"अमरावतीचे?"

"तालुका अचलपूर."

"लग्न?"

"मफी. नाही झालं."

"आमच्या मम्मीला फार प्रश्न असतात. विचारेल, मुलाला या विषयातला अनुभव किती?"

प्रबुद्धनं चष्म्याशिवाय धूसर दिसणाऱ्या तिच्याकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नव्हती. "काहीच नाही," तो पडेल आवाजात म्हणाला.

"मग बसता तुम्ही मम्मीच्या अटीत," जोॲन म्हणाली, आणि चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. "एकच करा. आजपासून मला सिस्टर म्हणू नका. आणि नावेदभाईंना सांगा, दोन करक. पैसे तुम्ही द्या."