शेंगांनी केलेला चोरटा मारा

“टक्!”

पार्किंगमधल्या गाडीच्या काचेवर काहीतरी आपटलं. निशिगंधा आणि गणराज जागच्या जागी थबकले. पिंपळे सौदागरच्या त्यांच्या सोसायटीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. आणि वॉचमन रंगरावकाका तर त्यांच्यासमोरच केबिनमध्ये कपडे पिशवीत भरत होते!

“मग मारलं कुणी?” गणराज कुजबुजला.

गेले काही दिवस गाड्यांवर कुणीतरी मुद्दाम काहीतरी मारतंय, असंच सगळ्यांना वाटत होतं. गाड्यांवर सापडणाऱ्या तपकिरी चकत्या निशिगंधानेच रंगरावकाकांच्या खिशात पाहिल्या होत्या आणि धावत जाऊन सेक्रेटरी सुरेंद्रकाकांना सांगितलं होतं. केवढं कौतुक झालं होतं! आणि रंगरावकाकांची नोकरी गेली होती.

“टक्!” आता तिने नीट पाहिलं. गाडीवर झुकलेल्या झाडावरची चपटी शेंग तडकली, पिळवटली आणि चकत्या उडाल्या. त्या बिया होत्या!

“गण्या, आपण फार वाईट वागलो रे!”

“आता रडू नकोस. शेंगा गोळा कर!”

शेंगा घेऊन दोघं सुरेंद्रकाकांच्या घरी गेली, पण ते काही ऐकेनात. “छे! तो आपटा आहे. दसऱ्याला त्याचीच तर पानं वाटतो आपण. आणि आपट्याची शेंग कधी अशी फुटत नाही!”

“म्हणजे हा आपटा नाहीच!” निशिगंधाने आईच्या मोबाइलवरचा फोटो पुढे धरला. “कांचन आहे! पानं सारखी दिसतात, शेंगा बघा!”

गणराजने उन्हातल्या खिडकीत शेंगा मांडून ठेवल्या होत्या. काका हसणार, एवढ्यात...

“टक्!” बी थेट त्यांच्या चष्म्यावर!

सगळे धावत फाटकाशी गेले. सुरेंद्रकाकांनी रंगरावकाकांच्या हातातली पिशवी काढून घेतली. “चुकलंच आमचं. तुम्ही कुठेही जायचं नाही. पण त्या चकत्या खिशात कशाला?”

“गाड्या पुसताना सापडायच्या. गावाकडं लावाव्या म्हून ठेवल्या.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“कुनी इचारलं का मला?”

मग सुरेंद्रकाका मुलांकडे वळले. “शाब्बास रे पोरांनो! खरे हुशार तुम्ही!”

निशिगंधाला ती शाबासकी अगदी नकोशी झाली.

“रंगरावकाका, माफ करा ना,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“झालं गेलं, लेकरा. पर घरी लेकीला कळलंय. बाप गाड्यांवर दगडं मारतो म्हून काढला, असं.”

“फोन लावा. मी बोलते.”

पलीकडून तिच्याच वयाच्या मुलीचा आवाज आला. “हॅलो, कोण?”

“मी निशिगंधा. तुझ्या बाबांवर खोटा आळ घेतला, ती मीच.”