चिखलीच्या नव्या घराचा ताबा

तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

संजीवनीताई माझी चुलत बहीण. चिखलीला शाळेत शिकवते. हे तिच्यासोबत घडलं, गेल्या वर्षी, गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात.

रात्र नव्हती. दुपारचे बारा वाजले होते.

चिखलीच्या बाहेर नवीन रो-हाऊस झालेत. त्यातलं शेवटचं घर ताईनं आणि गोकुळभाऊजींनी मिळून बुक केलं होतं. भाऊजी रोज बांधकामावर चक्कर मारायचे. स्लॅब टाकून झाला, आणि पंधरा दिवसांत भाऊजी गेले. बसल्या जागी.

ताई रडली नाही. शाळेत जायची, यायची, ताटात असेल ते खायची. बस.

ताबा घ्यायला या, असा फोन आला तेव्हा ती एकटीच गेली. हातात भाऊजींनी लिहून ठेवलेला कागद. भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय सही करायची नाही. सगळे नळ सोडून पाहायचे. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार पाहायचा. फरशी ठोकायची, पोकळ वाजली तर बदलून मागायची.

बिल्डरचा माणूस शेषराव किल्ल्या घेऊन सोबत होता.

प्रमाणपत्र पाहिलं. नळ झाले. उतार झाला. मग ताई हॉलमध्ये खाली बसली आणि किल्लीनं फरशी ठोकू लागली.

ठक... ठक... ठक...

कोपऱ्यापर्यंत गेली. हात थांबवला.

आवाज थांबला नाही...

वरून येत होता. एक फरशी. मग पुढची. मग त्याच्या पुढची. सावकाश, एकही न सोडता.

"वरती कोन हाय?" ताईनं विचारलं.

शेषरावाचा चेहरा उतरला. "कोनीच नाही, ताई. जिन्याच्या दाराले कुलूप हाय. किल्ली माह्यापाशीच हाय."

"उघडा मंग."

"ताई, आज राहू द्या ना..."

"उघडा."

कुलूप निघालं, आणि आवाज बंद झाला.

वर दोन खोल्या. खिडक्या आतून बंद. फरशीवर सिमेंटच्या धुळीचा थर, पावलाचा एक ठसा नाही.

पण धुळीखाली...

शेषरावानं रुमालानं धूळ झटकली. फरशीवर खडूचा गोल होता. पलीकडे दुसरा. भिंतीजवळ तिसरा. सगळे मिळून अकरा.

त्यानं गोल असलेली फरशी ठोकली. पोकळ. बाजूची ठोकली. भरीव. अकराच्या अकरा पोकळ निघाल्या, बाकी एकही नाही.

त्यानं हात जोडले. "ताई, तुमचे साहेबच असतीन. तुमच्यासाठी पाहून राह्यले."

ताईनं त्या गोलांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आमचे हे फुली मारत. गोल नाही."

मग तिनं कागदावर लिहिलं, वरच्या मजल्यावर अकरा फरशा बदलून द्याव्यात. सही केली आणि घरी येऊन वरण-भाताचा कुकर लावला.

फरशा बदलल्या. महिन्याभरात ताई तिथं राहायलाही गेली. वास्तुशांतीला मी गेलो होतो. जेवलो खाली. वर गेलो नाही.

मध्यंतरी फोनवर न राहवून विचारलं, "ताई, अजून आवाज येते का?"

"येते. आता भिंतीतून येते."

"मंग काऊन राह्यतं तिथं? भेव नाही वाटत?"

"नाही ना वाटत," ती म्हणाली. आवाज सपाट, शाळेत हजेरी घेतात तसा. "भेवाची लय वाट पाह्यली. भेवच येत नाही."

"दुसरं घर पाह्य ना मंग..."



"पाहाले सोबत कोन येईन?"