चौथ्या खोलीत एक

मला हे सांगायचं नव्हतं. धाकट्या बहिणीनं वही आणून आदळली आणि म्हणाली, "दादा, एकदाचं लिहून टाक, म्हणजे जेवताना कटकट नको." मी शाळेत गेलो तिसरीपर्यंत, तेव्हा चुका दिसल्या तर गिळायच्या. गोष्ट माझ्या सुनेची. तिनं मला नंतर सांगितली तशी लिहितो. गोष्टीत एक म्हातारा आहे, तो मीच. पण मी त्याला म्हाताराच म्हणणार, कारण माझ्या पाठीमागे तुम्ही सगळे तेच म्हणता.

सून प्रोग्राम लिहिते. म्हणजे आता लिहीत नाही, लिहून घेते. तिच्या लॅपटॉपमध्ये एक मदतनीस असतो. माणूस नव्हे, यंत्रच. सांगाल तो प्रोग्राम बसल्या जागी लिहून देतो. पण बाहेरचं त्याला काही दिसत नाही. एकेक गोष्ट जोडून द्यावी लागते, तेव्हा कुठे त्याला डोळे फुटतात, हात फुटतात.

म्हातारा ज्या शीतगृहात एकतीस वर्षं दारवान होता, तिथंच तिला काम मिळालं. सफरचंदांच्या चार खोल्या. खिडकी एकीलाही नाही. बाहेर भर दुपार असली तरी आत काळोख, ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि पंख्यांची घरघर. माणसं बाहेर पडली की दारं आपोआप लागावीत, एवढंच काम. आजवर ती म्हातारा लावायचा. लावण्याआधी तीनदा हाक द्यायची, "चला, बाहेर या, दार लागतंय." हाक उंबऱ्यावरूनच द्यायची, आत पाऊल टाकून कधीच नाही. जुन्या लोकांनी तसं शिकवलं होतं. का, ते कोणी विचारलं नाही.

सकाळी सुनेनं मदतनिसाला मालाची नोंद जोडली, तापमानाचे मीटर जोडले, दारावर माणसं मोजणारे डोळे जोडले, कुलपं जोडली. बाहेरचं फाटक, ऑफिसचं दार आणि तिथला एसीही जोडला. दरवेळी तो विचारी, हे वापरू का? विसाव्या वेळी ती वैतागली आणि 'नेहमीसाठी हो' करून मोकळी झाली. कंटाळ्यात माणूस काय काय कबूल करतो.

पहिली तीन दारं नीट लागली. चौथ्याला पडद्यावर आलं, 'आत एक व्यक्ती आहे. दार लावत नाही.'

सून आत डोकावली. दिवे लावले, रांगा पाहिल्या. कोणी नाही. परत येऊन पाहते तो तेच. एक.

मॅनेजर येऊन उभा राहिला. घरातसुद्धा काळा चष्मा घालतो, म्हणून त्याला सगळे गॉगल म्हणतात.

"एकाच्या जागी हातानं शून्य टाक."

"उद्या खरंच कोणी आत असलं तर, सर?"

"उद्याचं उद्या. पाचला मालक येतायत. दार चाललं नाही तर तुझं काम संपलं." मग दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यासमोरच, आवाज न उतरवता म्हणाला, "सासऱ्याला विचार आधी. दारं आपोआप लागायला लागली तर याला कोण पुसतंय? वायर यानंच हलवली असणार."

सुनेनं म्हाताऱ्याकडे तिरकं पाहिलं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. असं पाहिलेलं विसरता येत नाही, सून कितीही गुणाची असो.

तिनं दाराच्या मोजणीची जोडणीच काढून टाकली. पडद्यावर ओळ उमटली, 'मोजणी बंद आहे. तापमानाच्या मीटरवरून पाहिलं. आत अजून आहे.'

त्याला हे पाहायला कोणी सांगितलं नव्हतं. नेहमीसाठी हो मात्र तिनंच म्हटलं होतं.

तिनं लिहिलं, 'अंगाची ऊब दिसते का?'

'नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात माणसाएवढी जागा खोलीपेक्षा नऊ अंश थंड आहे. मघाशी ती मधल्या रांगेत होती.'

तिनं मोजणी पुन्हा जोडली. शून्य टाकायला बोट उचललं आणि तसंच राहिलं. खोली रिकामी आहे याला तिची सही लागणार होती. आत कोणी गोठलं असतं, तर ते त्या सहीखाली.

म्हातारा उठला. "मी बघून येतो."

"बाबा... तुम्ही आत जात नाही ना कधी?"

"आज जातो. वायर कोण हलवतं तेही कळेल तुला."

टोला बरोबर बसला.

म्हातारा आत गेला. पडद्यावर दोन. त्याची पावलं रांगांमधून लांब गेली, मग पंख्यांत बुडाली. कोपऱ्यात कोणी नव्हतं. जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "चला, बाहेर या, दार लागतंय." पहिली हाक. दुसरी. तिसरीला सगळे पंखे क्षणभर थांबल्यासारखे वाटले.

पडद्यावर, मीटरच्या नकाशातला थंड डाग हलला. कोपऱ्यातून रांगेत आला. म्हाताऱ्याच्या मागोमाग.

"बाबा..." ती दाराकडे तोंड करून ओरडली. "सरळ या... मागं बघू नका..."

म्हातारा उंबऱ्याबाहेर आला. पडद्यावर एक.

दोन श्वास गेले असतील. शून्य.

दार आपलं आपण लागलं.

पाचला मालक आले, दार पाहिलं, खूश झाले. सुनेचं काम टिकलं. मालकांच्या आणि सगळ्या हमालांच्या देखत गॉगल हसत म्हणाला, "बघितलंत? काका बाहेर आले आणि मशीन सुधारलं. जरा खिसे दाखवा, काका, वायर कुठं ठेवलीत." आणि त्यानं खरंच खिसे उलटे करायला लावले. एक रुमाल निघाला, तपकिरीची डबी निघाली. कोणी हसलं नाही, पण कोणी थांबवलंही नाही. सून पुढं होऊन म्हणाली, "चूक माझी होती, सर. बाबांची नाही." म्हाताऱ्याचा तिच्याशी हिशोब तिथं मिटला.

संध्याकाळी तिनं फाटकाची मोजणी पाहिली. सकाळी जेवढे आत आले तेवढेच बाहेर गेले. जास्त कोणी नाही. म्हणजे चौथ्या खोलीतून जे निघालं, ते फाटकातून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मदतनिसानं न विचारता कळवलं, 'ऑफिस: आत दोन.'

तिनं गॉगलला फोन लावला. "सर, तुमच्याबरोबर कोण बसलंय?"

"कोण बसणार? एकटाच आहे. आणि हा एसी कोणी एवढा वाढवलाय, ते बघ आधी."

एसी बंद होता. ती जोडणी तिनं स्वतः तपासली.

त्याला आता नऊ दिवस झाले. सून रोज म्हणते, "बाबा, एकदा जाऊन उंबऱ्यावरून हाक तरी मारा, तुमचं ऐकतं ते." ऐकत असेल. आता ऑफिसमध्येही गॉगल गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसतो म्हणे, आणि सारखा मागं वळून बघतो. मी जाईन, नाही असं नाही. पण खिसे माझे उलटे केले होते, चारचौघांत. आधी माफी मागायची आहे ती गॉगलनं.